काकी, भिरंडं आणि न वाळणारं चित्र

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला, "हल्ली कोण आहे रे तुझी म्यूज?" आणि पुढे दात काढणारे तीन इमोजी. फोनवरच उत्तर देणार होतो पण सकाळपासून लाइट गेलेली, चार्जिंग संपत आलेलं, बाहेर धो धो पाऊस, म्हटलं कागदच घ्यावा. तर ऐक, माझी म्यूज, म्हणजे जिच्यामुळे चित्र सुचतं ती, ७२ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि ती माझी काकी आहे. झालं समाधान?

गंमत माहितीये का, ग्रीकांच्या त्या नऊ म्यूज देवी आहेत ना, त्यात इतिहासाला एक, नाचाला एक, अगदी ग्रहताऱ्यांनासुद्धा एक दिलीये, चित्रकाराला एकही नाही! आपल्याकडे तरी काय, सरस्वतीच्या हातात वीणा, पुस्तक, जपमाळ, ब्रश कुठाय? आपल्याला वरून वाली नाहीच, घरातल्यांपुढेच हात पसरायचे, "जरा बस ना गं, हलू नको."

मे महिन्यात गोव्यात फोंड्याच्या घरी गेलो होतो. काकी मागच्या पडवीत भिरंडं फोडत बसलेली (तुम्ही रातांबे म्हणता ते). साली एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे, मग गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, दुसऱ्या दिवशी परत बुडवायच्या, असं किती दिवस केलं की सोलां (आमसुलं) होतात. तिचे हात मनगटापर्यंत लाल. तो लाल ट्यूबमधून निघत नाही रे. अलिझरिन क्रिम्झन हा गडद लाल जवळ जातो, चिमूटभर अल्ट्रामरीन निळा टाकला की अजून जवळ जातो पण मग मेल्यासारखा दिसतो. शेवटी शहाणपणा करून भिरंडांचाच रस कागदावर फासला, पहिल्या दिवशी काय सुंदर, आणि खिडकीत ठेवला तर महिन्याभरात चहा सांडल्यासारखा.

तीन रविवार काढत बसलो आणि काकीचा खांदा काही जमेना, पुसला, परत काढला, परत पुसला. ती वैतागली, "आनी कितलो वेळ बसूं हांव? सोलां कोण करतलो, तूं?" म्हटलं बरं, दे इकडे. बसलो फोडायला. अर्ध्या तासात कळलं की सगळी ताकद अंगठ्यात आणि मनगटात असते, खांदा हलतच नाही, तो फक्त खाली ओघळलेला असतो. आणि मी तीन आठवडे तो ताणलेला काढत होतो, मेहनत दिसायला पाहिजे ना! त्या दिवशी चित्राला हात लावला नाही, बादलीभर भिरंडं तेवढी संपली.

कॉलेजात असताना, आठवतं, पणजीत आल्तिन्होच्या चढावर बसून आपण चित्रकार गायतोंड्यांचं नाव घेऊन आळस करायचो. ते वर्षाला मोजकीच चित्रं करायचे म्हणून आपणही "सुचायची वाट बघतोय". पण तो माणूस रोलर, पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवायचा, उतरवायचा, आपण त्यातलं फक्त गप्प बसणं उचललं.

आणि घरातली माणसं बसवणारा मी काही पहिला नाही. सांग्याचे ते चित्रकार आंतोनियो त्रिंदाद, १८७० चा जन्म, पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे त्यांना, त्यांनीही बायकोला आणि मुलींना किती रंगवलंय. पणजीत फोंताईन्यासला त्यांची चित्रं आहेत, आलास की जाऊ. तिथे आता मी रंगाच्या आधी बसलेल्या माणसाची मान बघतो, किती वेळ बसली असेल बिचारी. चित्रकार आंजेलो द फोन्सेकांचं तर त्याहून मोठं. साडीतली, आपल्याकडच्या बाईसारखी मारिया (येशूची आई) काढली म्हणून गोव्यात बोल खाल्ले, पुण्याला जाऊन राहिले, आणि नंतरच्या कितीतरी मारियांसाठी त्यांची बायको आयव्ही बसली. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांचा संग्रह आहे. लोक म्हणतात फोन्सेकांची मारिया. अरे, तो चेहरा आयव्हीचा आहे!

एका गॅलरीवाल्याला काकीचं चित्र दाखवलं तर म्हणतो छान आहे, पण मागे थोडा समुद्र येईल का, टुरिस्टला बरं पडतं. फोंड्याच्या पडवीमागे समुद्र! हो म्हणायला तोंड उघडलंही होतं मी, खोटं कशाला बोलू, हप्ता थकलाय.

आता जुलै. चित्र अजून वाळत नाहीये. साडीतला तपकिरी अंबर केव्हाच सुकला, पण अलिझरिनचे हात अजून चिकट, बोट लावलं की ठसा उमटतो. मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके आलेत, रोज फडक्याने पुसतो आणि बल्ब लावून ठेवतो, म्हणजे लाइट असली तर. काकी परवा पणजीला डॉक्टरकडे आली होती तेव्हा बघून गेली. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली खालच्या टोपलीतली भिरंडं कच्ची दिसतात, अशी मी फोडत नाही. बरोबर आहे तिचं. तेवढा कोपरा खरवडून परत करायला घेतलाय.

तू गणपतीला येणार आहेस ना? काकीने तुझ्यासाठी सोलांची बरणी वेगळी ठेवलीये. येताना अलिझरिनची मोठी ट्यूब आण, इथल्या दुकानात महिनाभर नाहीये.

तुझा,
फोंडेकर