बाहेरून जोडणी येताच कोसळणाऱ्या मेल सर्व्हरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेला मेल सर्व्हर आमच्या पतसंस्थेत बाहेरून जोडणी येताच वारंवार बंद पडतो. 'रॅम वाढवा' एवढे सांगून आपल्या तंत्र विभागाने ही तक्रार निकाली काढली, ते आम्हाला मान्य नाही. कारण सर्व्हर कोसळतो तेव्हा बरीच मेमरी मोकळी असते आणि लॉगमध्ये दरवेळी सिग्नल 11, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रॅमने मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक), हीच नोंद सापडते.

टीसीपीडंप हे नेटवर्कवरील देवाणघेवाण टिपणारे साधन लावून पाहिले असता पोर्ट 25 वर (मेल स्वीकारण्याच्या ठरावीक प्रवेशद्वारावर) जोडणी होते, पण 220 हा स्वागतसंदेश जाण्याआधीच प्रोसेस मरते, म्हणजे समोरच्याने तोवर एक अक्षरही पाठवलेले नसते. कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात उघडल्यावर कारण स्पष्ट झाले. जोडणी करणाऱ्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) डीएनएसमध्ये, म्हणजे नावे व पत्ते जुळवणाऱ्या व्यवस्थेत, नसेल, तर नावाच्या जागी नल पॉइंटर (कशाकडेच न नेणारा रिकामा निर्देश) येतो आणि आपला प्रोग्रॅम तो न तपासता वापरतो. कार्यालयातील सर्व संगणकांच्या नोंदी स्थानिक डीएनएसमध्ये असल्यामुळे आतून घेतलेली चाचणी नेहमी यशस्वी ठरली, आणि आपल्या अभियंत्यांनी तेवढीच ग्राह्य धरली. त्यांपैकी एका संगणकाची नोंद काढून तिथून टेलनेट या साध्या प्रोग्रॅमने जोडणी करताच सर्व्हर तत्काळ कोसळला.

मेल सर्व्हरचे पोर्ट 25 जगासाठी उघडे ठेवावेच लागते, त्यामुळे पीटीआर नसलेला कोणताही संगणक आमची टपालव्यवस्था केव्हाही बंद पाडू शकतो. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीतील 'घोस्ट' हा दोषही नाव शोधणाऱ्या फंक्शनमध्येच होता, आणि त्याद्वारे एक्झिम मेल सर्व्हरवर बाहेरून ताबा मिळवता येतो हे 2015 मध्ये दाखवून देण्यात आले होते. आपल्याकडील दोष त्याच प्रतीचा आहे असे आमचे म्हणणे नाही, परंतु तो तपासलाच जाऊ नये हे गंभीर आहे.

आपल्या अभियंत्याने बसवलेली आपोआप रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट दोष केवळ झाकते; प्रत्येक रीस्टार्टला चालू असलेल्या इतर जोडण्याही तुटतात. नावाचा शोध बंद ठेवल्यास सर्व्हर टिकतो, पण स्पॅम रोखण्याची एक महत्त्वाची कसोटी जाते.

तरी हा दोष लेखी मान्य करून दुरुस्त आवृत्ती द्यावी, ती येण्याची तारीख कळवावी आणि हाच सर्व्हर वापरणाऱ्या इतर ग्राहकांनाही सूचना द्यावी. कोअर फाइल, बॅकट्रेस (कोसळतेवेळी चालू असलेल्या फंक्शनांची क्रमवार यादी) व लॉग सोबत जोडले आहेत.

आपला,
संगणक विभागप्रमुख