आप्पा, स्कोअरशीटवर न लागलेल्या पासांसाठी

ती. आप्पा,
सा. न. वि. वि.

शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन कुणी आलं तर दार उघडायचं नाही, असं तुम्ही काकूंना बजावून ठेवलंय, हे आमच्या कानावर आलंय. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. काकू ते मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत, तसं आमचं ठरलंय, तेव्हा मधेच उठून जायची सोय नाही.

तुम्हाला पार्किन्सन झालाय ही बातमी सांगलीतून निघाली आणि पुणे, बंगळूर करत कुठल्या कुठे पोचली. तेव्हापासून आम्हा जुन्या पोरापोरींचे एकमेकांना फोन चालू आहेत. तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत आटपते आणि मग अर्धा अर्धा तास बास्केटबॉल कोर्टवरच्याच गोष्टी निघतात. त्यातल्या थोड्या इथे लिहिते. नुसते आभार मानले तर तुम्ही विचारणार, "मी काय केलंय गं?" तर काय केलंय ते आधी ऐका.

स्कोअरशीट भरायला तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पॉइंट कुणी केले, फाऊल कुणाचे किती झाले, टाइमआउट कधी घेतला, सगळ्याला जागा असते. ज्याच्या पासवर बास्केट झाली त्याला मात्र रकाना नाही. तुम्ही शिवाजी विद्यापीठाकडून खेळायचात तेव्हाचे कागद आज कुणी काढले तर तुमच्या नावापुढे चार-सहा पॉइंट दिसतील आणि बघणारा म्हणेल, असेल कुणीतरी. पण त्या टीमचे उंच सेंटर, जे आता मिरजेत नातवंडं सांभाळतात, ते अजून सांगतात, "माझे वीस पॉइंट म्हणजे आप्पाचे दहा पास. मी फक्त हात वर करून उभा असायचो." आम्ही तुमच्या हाताखाली आलो तोवर तुमचं खेळणं संपलं होतं, एस. टी.तली नोकरी होती, आणि संध्याकाळी कोल्हापूर रोडकडचं ते डांबरी कोर्ट होतं. पास द्यायची खोड मात्र गेली नव्हती.

माझंच घ्या. आठवीत कोर्टवर आले तेव्हा माझ्या दंडात जोर म्हणून नव्हता. मुलींसाठी सहा नंबरचा लहान बॉल २००४ च्या सुमारास आला. त्याआधी आम्हीही पुरुषांच्याच सात नंबरनं खेळायचो. रिंग दहा फुटांवर, फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची, रेघ बोर्डापासून ४.६ मीटरवर. माझा बॉल जाळीलासुद्धा शिवत नसे. बाकी सगळे सांगायचे, जोर काढ, दूध पी, दंड काढ. तुम्ही म्हणालात, "खालून टाक की! दोन्ही हातांनी. घमेलं वर देतात तसं."

मुलं खो खो हसली. तेव्हा तुम्ही पाकिटातून एका इंग्रजी मासिकाचं, घडीवर विरलेलं पान काढलंत. रिक बॅरी. अमेरिकेतला एवढा मोठा खेळाडू, तिथल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये फ्री थ्रो असाच दोन्ही हातांनी खालून टाकायचा आणि शंभरातले जवळजवळ नव्वद घालायचा. "हसायचंय त्यानं आधी शंभरात नव्वद घालून दाखवायचे, मग हसायचं," एवढंच तुम्ही बोललात. मग मला रिंगखाली उभं केलंत आणि स्वतः टाकून दाखवलंत. बॉल उलटी फिरकी घेत येतो, रिंगला लागला तरी आपटून बाहेर उडत नाही, मऊ बसतो आणि आत कलंडतो. पुढे त्या फ्री थ्रोवर मी शेवटच्या सेकंदाला एखादी फायनल जिंकून दिली, असलं काही झालेलं नाही. टीममध्ये राहिले, एवढंच. पण दहावीपर्यंत टीममध्ये राहिल्यामुळे मी कोल्हापूर पाहिलं, रात्रीच्या पॅसेंजरमध्ये झोपले, घराबाहेर आपलं सामान आपण सांभाळायला शिकले. आमच्या घरात तोवर कुठल्याच मुलीला ते मिळालं नव्हतं.

मोजणारा बारक्या आठवतोय ना? तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असत आणि शॉट घ्यायला तीस सेकंद. (दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि चोवीस सेकंद हे सगळं २००० नंतरचं, आणि तुम्हाला ते कित्येक वर्षं पटलं नव्हतं.) आपल्याकडे ते सेकंद दाखवणारं शॉट क्लॉक कुठलं? तुम्ही त्या पोराला बाकावर उभं करून मोठ्यानं आकडे म्हणायला लावलंत. तो बोलताना अडखळायचा. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायला त्याला घाम फुटायचा, पण कोर्टवर त्याचं "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" सलग आणि खणखणीत यायचं. परवा फोनवर तो म्हणाला, "एका लयीत म्हटलं की तोतरेपणा कमी होतो, हे मला स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी तिशीत सांगितलं. आप्पांना ते आधीच कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, त्यांनाच विचारू. आज तो एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो आणि शंभर माणसांसमोर उभा राहून सूचना देतो.

गावभागातल्या हळदवाल्यांच्या मुलीचं प्रकरण तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत, ते तिनंच सांगितलं. चड्डी घालून मुलगी मैदानावर जाणार नाही, असं तिच्या वडिलांनी ठणकावलं होतं. तुम्ही त्यांच्या अडतीच्या दुकानात जाऊन बसायला लागलात. सेलमचं पोतं किती, राजापुरी किती, यंदा आवक कशी, एवढंच बोलून चहा पिऊन उठायचात. खेळाचं नाव नाही. शेवटी त्या गृहस्थांनीच विचारलं, "तुम्ही रोज येताय, पोरीचं काही म्हणणं आहे का?" ती पुढे दोन वर्षं कॅप्टन होती. पायात ट्रॅक पँट होती, तो तुमचा तह.

आणि मॉस्को! पाऊस आला की शेडखाली उभं राहून आम्ही मुद्दाम विषय काढायचो. १९८० चं मॉस्को ऑलिंपिक, भारताची पुरुष बास्केटबॉल टीम ऑलिंपिकला गेली ती तेवढ्या एका वेळी. सगळे सामने हरली, बारा संघांत बारावी आली. कुणीतरी आगाऊपणे म्हणायचं, "मग त्यात काय एवढं?" की तुमचा चेहरा बघायचा. "लगा, बारावं यायला आधी तिथं जायला लागतं!" २०१५ मध्ये पंजाबचा सतनाम सिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेला, तिथवर पोचलेला पहिला भारतीय, तेव्हा तुम्ही कोर्टवरच्या सगळ्यांना उसाचा रस पाजलात, आणि गुऱ्हाळवाल्याला सतनाम कोण हे समजावण्यात रसापेक्षा जास्त वेळ गेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आपलं कोर्ट किती दिवस दिसतच नव्हतं. पाणी उतरलं तेव्हा डांबरावर गाळ, बोर्डाच्या फळ्या फुगून सुटलेल्या, आणि वास असा की उभं राहवेना. शहरात तेव्हा प्रत्येकाचं घर, दुकान चिखलात होतं, खेळाच्या मैदानाची काळजी कोण करणार? तुम्ही मात्र आधी आमच्या दोघा-तिघांच्या घरांतला गाळ काढायला आलात, खोरं आणि पाटी घेऊन, आणि कोर्टला सगळ्यात शेवटी हात लावलात. त्या दिवसांत तुमचा उजवा हात थरथरताना पहिल्यांदा कुणाला तरी दिसला. थकवा असेल, असं सगळ्यांनी म्हटलं.

खरं तर त्याच्याही आधी कागदावर दिसत होतं. तुमचं अक्षर टपोरं. पण नंतरच्या स्कोअरशीट पाहिल्या तर ओळीच्या सुरुवातीचं नाव मोठं आणि शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं होत गेलेलं. पार्किन्सनमध्ये अक्षर असं बारीक होत जातं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही जुने कागद काढून बघत बसलो. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतो, आवाज बसतो, पाऊल जागच्या जागी अडतं. हे सगळं आता तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मागच्या महिन्यात आम्ही आलो तेव्हा खोलीच्या उंबऱ्यात तुमचा पाय असाच अडला. आम्ही सगळे घाबरून गप्प. आणि समोरच्यांच्या रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त रेंगाळलं की शिट्टी वाजते, त्या नियमावर तुम्ही म्हणालात, "तीन सेकंद झाले, शिट्टी मारा की कुणीतरी!" मला आधी हसू आलं, मग पाणी. जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या की त्या ओलांडायच्या नादात अडलेलं पाऊल उचललं जातं, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. मग पलंगापासून बाथरूमपर्यंत पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा आल्या. जन्मभर रेघांच्या आत-बाहेर पळालेल्या माणसाला ते लगेच जमलं, यात नवल नाही. रेघ सरळ नाही म्हणून तुम्ही आम्हाला दोनदा उखडून लावायला सांगितलीत, यातही नाही. हातात बॉल दिला की थरथर पुष्कळ कमी होते, ते पाहून काकूंना चमत्कार वाटला होता. हात स्वस्थ असताना तो थरथरतो आणि कामाला लागला की शांत होतो, या आजाराची ती रीतच आहे. तुमच्या बाबतीत मात्र आम्हाला ते आजाराआधीपासूनच ठाऊक आहे.

तेव्हा आप्पा, आभार. खालून टाकलेल्या फ्री थ्रोबद्दल. बाकावरच्या तीस आकड्यांबद्दल. हळदीच्या भावाबद्दल, उसाच्या रसाबद्दल, आमच्या घरांतल्या गाळाबद्दल. आणि आता आम्हाला हातभार लावू देताय, त्याबद्दलही, कारण तेवढं एक तुम्हाला जड जातंय हे दिसतं.

आता कामाचं. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन येतोय. गोळीची वेळ काकूंना विचारून ठेवलीय. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात, म्हणून भडंग आणलं तरी गोळीचा अंमल सुरू झाल्याशिवाय पुडा फोडणार नाही. यंदा पाचवी-सहावीच्या बऱ्याच मुली आल्यात. त्यांतल्या दोघी-तिघींच्या दंडात जोर नाही, आणि ती उलटी फिरकी मला करता येते, पण समजावता येत नाही. रिंगखाली खुर्ची ठेवतो. शिकवायचं तुम्ही. आवाज लांब जात नाही म्हणाल, तर मोजणारा बारक्या त्या दिवशी सुट्टी काढून येतोय. तुम्ही त्याला सांगा, तो मोठ्यानं सांगेल.

काकूंना नमस्कार.

तुमची,
डांबरी कोर्टवरच्या सगळ्यांच्या वतीनं,
खालून टाकणारी