बेडी जुनी की नुसती गंजलेली?

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत पुरातन वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांवर लेख आला आहे. नाणी, घड्याळे, कंदील यांच्या रांगेत लेखकाने 'अमेरिकेतील गुलामांच्या पायबेड्या'ही बसवल्या आणि भाव चढते आहेत एवढे सांगून ते पुढे गेले. मी आयटीआयमध्ये लोहारकाम शिकवून निवृत्त झालो. लोखंडावर बोलायचा थोडा हक्क आहे असे समजून लिहितो.

माझी मुलगी व्हर्जिनियात असते. तिथल्या जुन्या बाजारात एका टेबलावर अशीच बेडी होती, 'गुलामाची, १८५० च्या सुमाराची' अशी चिठ्ठी लावून. उलटून पाहिली तर सांध्यावर आर्क वेल्डिंगचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने केलेल्या जोडाचा थर आणि त्यावर ग्राइंडर फिरवलेला. मागाहून केलेली दुरुस्ती म्हणावी, तर प्रत्येक कडीला तोच थर. आर्क वेल्डिंग आले १८८० च्या दशकात. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. त्या काळचा लोहार दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईतो तापवून घणाने एकजीव करी. शिवाय जुने घडीव लोखंड गंजले की उसाच्या चोयट्यासारखे तंतू सुटतात. ही सरळ एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे आजच्या साध्या पोलादाची) सळई होती, गंजही आम्लात बुडवल्यासारखा सगळीकडे सारखा. विक्रेत्याला सांगितले तर म्हणाला, आम्हाला मिळते तसे विकतो.

जे खरेच जुने असते त्यातही घोळ असतो. घोड्यांचे पायबंद आणि तुरुंगातल्या बेड्याही याच नावाने खपतात. नुसत्या लोखंडावरून ते कोणाच्या पायात होते हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. ते कुठे सापडले, कोणाकडून आले, याचा कागद लागतो.

असा पुरावा असलेल्या बेड्या आहेत. 'हेन्रिएटा मरी' हे इंग्रजी जहाज जमैकात माणसे विकून परतताना १७०० मध्ये फ्लोरिडाजवळ बुडाले. १९७२ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि त्यातून ८० हून अधिक बेड्या निघाल्या. पुढे जहाजाचे नाव आणि १६९९ साल कोरलेली घंटाही मिळाली, म्हणून जहाजाची ओळख पटली. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तर लहान मुलाच्या मापाची बेडी आहे. मी कडीचा व्यास डोळ्यांनीच मोजला, सवयच ती. मनगटाएवढ्या घोट्यासाठी कुणीतरी मुद्दाम माप घेऊन घडवलेली वस्तू. तिच्यासमोर फार वेळ उभे राहवले नाही.

विकत घेणारे सगळेच वाईट असेही नाही. १७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन या इंग्रज कार्यकर्त्यांनी लिव्हरपूलच्या एका दुकानातून हातकड्या, पायबेड्या, अंगठे चिरडायचा स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्याचे तोंड बळेच उघडायचे यंत्र विकत घेतले. हा माल तिथे उघड मांडलेला होता! गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लोकांपुढे पुरावा ठेवायला त्यांना तो हवा होता. आजचा गिऱ्हाईक दिवाणखान्यात टांगायला घेतो. मागणी वाढली की नकला वाढतात. आणि त्यातली एक उघडी पडली की 'हे सगळेच बनावट' म्हणणारे टपलेले असतात. त्या एका नकलेपायी खऱ्या बेड्यांवरही संशय येतो.

आपल्याकडेही 'अँटिक फिनिश'चा निर्यातीचा माल बनतो. नोकरीत असताना एका व्यापाऱ्याने असल्या बेडीचा नमुना आणून शंभर नगांचा भाव विचारला होता. मी म्हटले, देतो करून, पण आतल्या अंगाला चालू सालाचा शिक्का मारीन. तो पुन्हा फिरकला नाही.

पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर भावाच्या तक्त्यातून या बेड्या वगळाव्यात. आणि घरात अशी वस्तू आधीच असेल, तर ती कुठून आली याची चिठ्ठी, बिल, जुना फोटो जे असेल ते तिच्यासोबत जपून ठेवावे, एवढे वाचकांना जरूर सांगावे.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर