तालमीचे वार बाजार ठरवतो

संपादक महोदय,

क्वांटची (गणिताच्या आधारे बाजारातले सौदे आणि जोखीम मोजणाऱ्याची) नोकरी आणि कला दोन्ही सांभाळायच्या तर पहाटे पाचला उठा, फोन लांब ठेवा, मन घट्ट करा, असा सल्ला करिअरच्या पुरवण्यांतून मुलांना सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. गणित किंवा संख्याशास्त्र शिकून या क्षेत्रात येणाऱ्यांत गाणारी, तबला वाजवणारी, नाटक करणारी मुले पुष्कळ असतात. त्यांची कला आळसामुळे क्वचितच सुटते. नोकरी घेताना दोन गोष्टी विचारायच्या राहतात, तिथेच घोळ होतो: काम कोणत्या बाजाराच्या घड्याळावर चालते आणि करारात काय लिहिले आहे.

भारतीय शेअर बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो. त्याआधी बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणे) यांनुसार जुने भाव नीट जुळवले गेलेत का, हे तपासायचे असते. नंतर सौद्यांचा ताळमेळ, भावकॉपी (बाजाराची दिवसअखेरच्या भावांची फाइल), दिवसाचा नफा-तोटा. एरवी साडेसहाला निघून साडेसातची तालीम गाठता येते, पण वार बघून. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या ऑप्शन्सची (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांची) साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी असते. ऑप्शन्सवर काम करणाऱ्यांचे हे दोन दिवस लांबतात. म्हणून तालमी सोमवारी, बुधवारी आणि शनिवार-रविवारी ठेवाव्यात. मंगळवारी बाजाराला सुट्टी असली की एक्स्पायरी आदल्या कामाच्या दिवशी येते आणि सोमवारची तालीम बुडते. बाजाराच्या सुट्ट्यांची वर्षाची यादी आधीच जाहीर होते. ती दिग्दर्शकाच्या हाती दिलेली बरी.

मुंबई-पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या बाजारासाठी काम करणाऱ्यांचे गणित वेगळे. तो बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १.३० आणि हिवाळ्यात ८ ते २.३० चालतो. म्हणजे तालीम, प्रयोग, गुरूंकडची संध्याकाळची शिकवणी, सगळेच गेले. पगार चांगला म्हणून नाटकवाल्याने ही जागा घेऊ नये, असे आम्हाला स्पष्ट वाटते. लेखन, चित्रकला किंवा दुपारचा रियाज मात्र तिथे जमू शकतो. रात्री तीनला झोपून सातला तानपुरा लावण्याचा हट्ट करू नये. आधी झोप जाते, मग गळा. विम्याचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी संगीतरचना करणाऱ्या अमेरिकेच्या चार्ल्स आइव्ह्ज यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९१८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे नवे लेखन जवळजवळ थांबले, हे मात्र कोणी सांगत नाही.

संशोधनाच्या जागेवर वेळ लवचिक असतो, पण डोके मोकळे होत नाही. बॅकटेस्ट (नव्या पद्धतीची जुन्या भावांवर घेतलेली चाचणी) रात्रभर चालू असते आणि माणूस तालमीत दर दहा मिनिटांनी लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंद, बघतो. त्यावर उपाय आहे. चाचणी सुरू करण्यापूर्वी कोणते गृहीतक तपासतो आहोत आणि कोणता निकाल आला तर ते सोडून द्यायचे, हे चार ओळींत लिहून ठेवावे. संदेश फक्त प्रोग्राम कोलमडला तरच यावा, अशी सोय करावी. नवा कोड प्रयोगाच्या दिवशी थेट बाजारात कधीच सोडू नये.

आता करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, नोकरीच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. कवितेला त्याची झळ सहसा लागत नाही. पण तानपुऱ्याचे ॲप किंवा आकड्यांवरून सूर रचणारा प्रोग्राम कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिला, तर वादाला तोंड फुटते; काही करारांतली कलमे तर कायद्याहूनही ऐसपैस असतात. सही करण्यापूर्वी एक पानाचे जोडपत्र मागावे: आधीच्या कृती तारखांसह आणि पुढे कोणत्या प्रकारचे काम कराराबाहेर राहील, ते. यंत्र आणि खाते स्वतःचे वापरावे. मानधन पाचशे रुपये असले तरी बाहेरच्या कामाची लेखी परवानगी आधी घ्यावी. राजीनाम्यानंतर काही कंपन्या कित्येक महिने पगार देऊन घरी बसवतात. लिहायला तो उत्तम काळ, पण करार तेव्हाही चालूच असतो आणि परवानगीची अटही.

बँकांतल्या ट्रेझरी (बँकेचा पैसा गुंतवणारा विभाग) किंवा रिस्क मॉडेलिंगमधल्या (जोखमीचे गणित मांडणाऱ्या) मंडळींसाठी आणखी एक वाट आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवले जाते, तेही आधी न कळवता. या काळात कार्यालयाचा अंतर्गत ईमेल सोडला तर कामाच्या यंत्रणेला हात लावता येत नाही. रजा अचानक येते आणि पहिले चार दिवस काय करावे या विचारातच जातात. म्हणून नाटकाचा अर्धवट राहिलेला अंक, न बांधलेली बंदिश, ताणून ठेवलेला कॅनव्हास असे एक काम, पुढची पायरी वरच्या कागदावर लिहून, कायम तयार ठेवावे.

आपले,
संख्यात्मक वित्त क्षेत्रातील काही कर्मचारी, मुंबई