ती डबी तुम्ही हातात घेतलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सा. न. वि. वि.

नाव घालून लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नाव घालत नाही. मी तुमच्या त्या एसटी कंडक्टर पेशंटची थोरली बहीण. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून त्याच्यासोबत दरवेळी मी यायची. प्रश्नही मीच जास्त विचारायची.

तुमच्याकडे येण्याआधी आमची बरीच वरात निघाली होती. शौचातून रक्त पडतंय म्हटल्यावर एका डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता मूळव्याध ठरवली आणि मलम लिहून दिलं. दुसऱ्यांनी आव म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्स दिले. तिसऱ्या ठिकाणी ‘तुमची इम्युनिटी डाऊन आहे’ असं सांगून महागड्या पावडरचे डबे गळ्यात मारले. मिरची बंद करा, टेन्शन घेऊ नका, हे सगळ्यांनीच सांगितलं. कोल्हापूर-पुणे गाडीवर ड्यूटी करणाऱ्या माणसाला कराड ते सातारा पोट आवळून बसावं लागतं, म्हणून तो आदल्या संध्याकाळपासून जेवतच नाही, हे मात्र एकानंही विचारून घेतलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटं गेली असती.

तुम्ही कोलोनोस्कोपी केलीत, बायोप्सी पाठवलीत, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, हे नाव सांगितलंत. ते सगळं फाइलीत आहे. मला लिहायचंय ते त्या डबीबद्दल.

कॅल्प्रोटेक्टिनच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना आणायला सांगितला होता. भावानं ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर कॅरीबॅगा चढवल्या आणि सगळं जेवणाच्या पिशवीत लपवलं. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता बोटानं ‘तिकडं ठेवा’ म्हणून दाखवलं. तिकडं म्हणजे कुठं ते कळेना, आणि मोठ्यानं विचारायची त्याला लाज. तेवढ्यात तुम्ही खोलीतून बाहेर आलात. “द्या इकडं,” म्हणालात. कागद सोडवलात, झाकण घट्ट आहे का बघितलंत, लेबलवर त्याच्या आडनावात चूक होती ती पेनानं दुरुस्त केलीत. डबी तोवर तुमच्या तळहातावर होती आणि तुम्ही त्याला विचारत होता, “सकाळपासून काही खाल्लंय का?” घरी जाताना तो एवढंच म्हणाला, “ताई, बाईंनी तोंड वाकडं केलं नाही.” या आजारात माणूस रक्तापेक्षा लाजेनं जास्त खचतो, हे मी तोवर रोज बघत होते.

रिपोर्टचा आकडा हजाराच्या वर आला. पन्नासच्या आत असायला हवा, हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन, त्या आतड्यात मोठ्या संख्येनं उतरल्या की ते शौचातून बाहेर येतं. भावाला ती पावडर आठवली. “मग माझी प्रतिकारशक्ती कमी म्हणायची की जास्त?” या प्रश्नावर तुम्ही खूश झालात, कारण तुमची काही वर्षं याच विषयावर उंदरांचे प्रयोग करण्यात गेली होती. केसपेपरच्या पाठीवर तुम्ही काढलेलं चित्र अजून माझ्याकडे आहे.

पेशीत एनएलआरपी3 सारखी धोका ओळखणारी प्रथिनं सुटी असतात. जंतूची किंवा इजेची चाहूल लागली की ती एकत्र जुळतात. या जुळणीला 2002 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला युर्ग चॉप यांच्या गटानं इन्फ्लमासोम नाव दिलं. ती जुळली की कास्पेस-1 हे कात्रीसारखं प्रथिन जागं होतं आणि आयएल-1 बीटा व आयएल-18 या निरोप्या प्रथिनांना कापून कामाला लावतं. आयएल-1 बीटा सूज पेटवतं. मग ही जुळणीच मोडली तर आतडं शांत व्हायला हवं. पण 2010 मध्ये, मूळच्या तेलंगणाच्या तिरुमला-देवी कन्नेगंटी यांच्या अमेरिकेतल्या गटानं एनएलआरपी3 नसलेल्या उंदरांना कोलायटिस करून बघितला, तर त्यांचं अस्तर जास्तच फाटलं. अशा उंदरांत गाठीही जास्त झाल्या. कारण अस्तराची डागडुजी व्हायला आयएल-18 लागतं. काही प्रयोगशाळांत नेमकं उलटं दिसलं, आणि त्यामागे प्रत्येक ठिकाणच्या उंदरांच्या पोटातले जंतू वेगळे असणं हे एक कारण मानतात.

भाऊ म्हणाला, “म्हणजे आमच्या घंटीसारखं. दोरी तीच, एक टोला थांब, दोन टोले चल.” तुम्ही हसून म्हणालात, “आणि ओढणारे दहा जण.” प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ म्हणणाऱ्यांनी आधी कुठल्या पेशीतली आणि कधी, ते सांगावं. आमच्या पावडरच्या डब्यावर तसलं काही लिहिलेलं नव्हतं.

एनएलआरपी6 हे त्याच कुळातलं दुसरं प्रथिन नसलेल्या उंदरांसोबत एका पिंजऱ्यात ठेवलेल्या धडधाकट उंदरांचाही कोलायटिस बळावतो, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. त्याला बाळाची काळजी. “अहो, उंदीर एकमेकांची विष्ठा खातात,” तुम्ही म्हणालात, “तुमच्या घरात तसं नाही ना? हा आजार संसर्गजन्य नाही.”

मग त्यानं कॅन्सरचं विचारलं. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य इथंही चाललं असतं. तुम्ही मात्र खरं सांगितलंत. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून बरं वाटलं तरी मेसालामाइन हे सूज आवरणारं औषध बंद करायचं नाही आणि आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करायची. त्या रात्री तो नीट झोपला. खरं ऐकल्यावरही माणसाला झोप लागते, हे आधीच्या मंडळींना कोणी तरी कळवावं.

चांगुलपणा तसा सगळीकडे थोडाथोडा असतोच. त्याच्या गाडीवरचे ड्रायव्हर पंपाजवळ आले की “टायर बघतो जरा” म्हणून गाडी उभी करायचे. टायरला काही झालेलं नसायचं. कशासाठी थांबलो ते त्यांनी प्रवाशांना कळू दिलं नाही, त्यालाही बोलून दाखवलं नाही. तुम्ही आणि ते एका पठडीतले, मॅडम, शिक्षण तेवढं वेगळं.

आता तो ड्यूटीवर डबा नेतो आणि खातोही. पुढच्या तारखेला रिपोर्ट घेऊन येतोच आहोत. मधल्या काळात हुरडा खाल्ला तर चालेल का, असं विचारायला सांगितलंय त्यानं. थोडाच, म्हणतोय.

आपली,
तुमच्या पेशंटची ताई