अंबडच्या लेथवाल्या काकांना, फियाटवालीकडून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालायचं नाही अशी तुमची तंबी आहे, ती पाळतेय.

आमच्या १९७२च्या फियाट अकराशेचं दुखणं तसं साधं वाटत होतं. गाडी स्लो पकडायची नाही, म्हणजे पाय काढला की इंजिन हळू चालत राहायचं नाही. स्लोचा स्क्रू आवळला की इंजिन बोंबलायचं, जरा सैल केला की बंद. मोकळ्या रस्त्याला झकास, पण नाशिकच्या द्वारकेच्या चौकात अडकलो की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायची सोय नाही. मागून हॉर्न आणि शेजारून बाबा, "चोक ओढ, चोक ओढ!" गरम इंजिनाला चोक कशाला, हे त्यांना कोण सांगणार?

एका गॅरेजने कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) धुऊन, नवं किट टाकून बिल हातात दिलं. गाडी होती तशीच. मग जो तो एकच सांगायला लागला, मूळचा सोलेक्स कार्बोरेटर फेका आणि मारुती आठशेचा बसवा. सल्ला अगदीच टाकाऊ नाही, बऱ्याच फियाटवाल्यांनी तो मानलाय. पण ते इंजिन ७९६ सीसीचं, आमचं १०८९. खाली वेगळी प्लेट आली, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, जुळवणं आलं. आणि मुळात बिघाड कुठे आहे हे कुणीच सांगत नव्हतं.

तुम्ही आलात आणि पान्याला हातच लावला नाहीत. इंजिन गरम होऊ दिलंत, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे घेऊन आधी खालच्या गास्केटच्या कडेने मारलात. काही नाही. मग थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, स्पिंडलच्या (दांडीच्या) टोकाशी बारीक फवारा सोडलात आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. "इथून हवा खेचतोय बघ." दांडी बोटांत धरून हलवून दाखवलीत, तर ती चक्क वरखाली होत होती. स्लोवर बटरफ्लाय (दांडीवरची गोल पाकळी) जवळजवळ मिटलेला असतो, त्याच्या खाली व्हॅक्यूम जोरात असतो, म्हणून घासून मोठ्या झालेल्या भोकातून चोरटी हवा आत जाते आणि मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल उघडला की तेवढी हवा किस झाड की पत्ती! हायवेला गाडी का शहाण्यासारखी वागते, ते मला तेव्हा उमगलं.

त्यानंतरचं काम मी तुमच्या लेथशेजारी स्टुलावर बसून पाहिलं. बटरफ्लायचे ते दोन इवलेसे स्क्रू सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यांची टोकं ठोकून पसरवलेली असतात. तसेच पिळले तर आटे जातात. तुम्ही बारीक कानशीने आधी ती टोकं घासलीत, पाकळीची कुठली बाजू वर होती तिथे खूण केलीत, मग कुठे स्क्रूड्रायव्हर घेतलात. भोकं मोठी करून गनमेटलचे (काशासारख्या धातूचे) बुश, म्हणजे छोट्या नळ्या, ठोकलेत, दोन्ही बुशांतून एकदम रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवलात, म्हणजे दांडी तिरकी बसायला नको. शेवटी कार्बोरेटर खिडकीशी धरून पाकळी मिटलीत आणि कडेने उजेड दिसतोय का ते पाहत राहिलात. एका बाजूला केसाएवढी फट होती. स्क्रू पुन्हा सैल, पुन्हा आवळले. मला तर ती फट दिसतही नव्हती!

खालची बैठक जास्त आवळल्याने वाकली होती, ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलीत. पेट्रोलचा पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदललात, कारण आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. इथेनॉलने मिक्स्चर आणखी पातळ होतं म्हणून मेन जेटही एक नंबर मोठा घातलात. बाबा इथेनॉलच्या नावाने बोटं मोडायला लागले, तर "साहेब, तुमच्याच निफाडचा ऊस आहे" म्हणून त्यांना गप्प केलंत. हे कुणालाच जमत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येतं, त्यामुळे बाबांना सगळं ओरिजिनल हवं असतं. मला तो सोस नाही. उद्या सोलेक्स खरंच संपला तर मी बदलेन. पण संपलाय की नुसता घासलाय, हे बघायला तुम्ही पूर्ण रविवार घातलात, त्याचं मला अप्रूप आहे.

आणि पैसे फक्त गनमेटलच्या तुकड्याचे घेतलेत. हे काही बरोबर नाही. येत्या रविवारी बाबा तुम्हाला आणि काकूंना त्र्यंबकला न्यायला येतायत, मग आमच्याकडेच जेवण. नाही म्हणायचं नाही.

डायनॅमोतून बारीक किणकिण येतेय, पण ते जेवण झाल्यावर बोलू.

तुमची,
फियाटवाली