मागे ठेवलेला पगार

दोहा, ३ जून

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

पेटी पोचली. दोन आंबे डागी निघाले, बाकी फस्त. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

परवापासून इथे दुपारची कामबंदी सुरू झाली. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई. म्हणून माणसं अंधारातच सनायाहून बसने येतात. कामगारांचे कॅम्प तिकडेच. आजोबा परळला पाळीपाळीने झोपायचे ना, तशाच भरलेल्या खोल्या. मी एसी केबिनमध्ये बसून त्यांच्या हजेरीवर सह्या करते. किमान पगार १,००० रियाल, आपले तेवीस-चोवीस हजार. माझ्या नुसत्या घरभाडं भत्त्यात असे चार जण बसतील.

काल त्यातल्या एका नेपाळ्याने हेल्मेटखालचा ओला फडका पिळता पिळता विचारलं, "ताई, रत्नागिरी?" टेबलावरची पेटी बघितली होती त्याने. पावसच्या बाजूला चार हंगाम बागेत राखणीला होता म्हणे. झेला कसा धरायचा, देठ ठेवून आंबा उतरवला नाही तर चीक ओघळून डाग कसा पडतो, सगळं हातवारे करून सांगितलं. रात्री डबे बडवून जनावरं हाकलायची, तेही. मग हसत म्हणाला, परत गेलो नाही, म्हणून एका महिन्याचा पगार तिथेच राहिला.

का राहिला, ते मला विचारावं लागलं नाही. दसऱ्यानंतर माणूस परत यायला हवा म्हणून आपणही ठेवतोच ना, बाबा? इथे कामगाराचा पासपोर्ट काढून घ्यायला बंदी आहे. तरी एका ठेकेदाराने ठेवले होते. "पळून जातात, मॅडम." मी तावातावाने मेल टाकली. तेव्हा आपलं पडवीतलं कपाट काही आठवलं नाही मला.

तुम्हाला शहाणपण शिकवायला मी कोण? माडीचा स्लॅब याच पगारातून पडलाय. आणि मोहोरावर थ्रिप्स आला की तुमची झोप कशी उडते, तेही पाहिलंय. रागावू नका. पण पाऊस लागायच्या आत बहादूर गावी निघेल, तेव्हा या खेपेला त्याचा सगळा हिशोब चुकता करा. कमी पडले तर मी पाठवते.

खात्यावर टाकायचे तर खरं नाव लागेल. सात वर्षं आपण त्याला बहादूरच म्हणतोय. आई, तू तरी कधी विचारलं होतंस का गं?

तुमची,
सुमा